पदवीचं भेंडोळं आणि फिरता मेसेज

‘पदवी म्हणजे नुसतं भेंडोळं. गेट्स, झुकरबर्ग कॉलेज सोडून मोठे झाले. कंपन्यांनी पदवीची अट केव्हाच काढली. सहा महिन्यांचा कोर्स करा, चार वर्षं वाचवा. विद्यापीठं नोकरीसाठी काहीच शिकवत नाहीत.’

निकालांच्या दिवसांत हा मेसेज हमखास फिरतो. यंदा तो मला तीन ग्रुपवरून आला. एका ठिकाणी तर आयुष्यभर शिकवून निवृत्त झालेल्या गृहस्थांनीच त्याला अंगठा दिला होता. मी फ्रेशर्सच्या मुलाखती घ्यायला पॅनेलवर बसते, म्हणून त्याला उत्तर द्यायचा हा उपद्व्याप.

आधी गेट्स-झुकरबर्ग. बिल गेट्स यांनी 1975 मध्ये हार्वर्ड सोडलं, हे खरं. पण त्याआधी अल्टेअर या छोट्या संगणकासाठीची बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा त्यांनी आणि पॉल अ‍ॅलन या त्यांच्या मित्राने तयार केली ती हार्वर्डच्याच प्रयोगशाळेतल्या पीडीपी-10 या मोठ्या संगणकावर. तसं यंत्र तेव्हा कुणाच्या घरी नसायचं. पुढे गेट्स यांची मायक्रोसॉफ्ट चालवायला आलेले स्टीव्ह बामर हे गेट्स यांना भेटले तेही हार्वर्डमध्येच. फेसबुक सुरू झालं फेब्रुवारी 2004 मध्ये, हार्वर्डच्या वसतिगृहातून, आणि सुरुवातीचे साथीदारही तिथलेच. कॉलेजात गेलेच नसते तर सोडलं काय असतं? शिवाय ज्यांनी सोडलं आणि ज्यांचं पुढे काहीच झालं नाही, त्यांचे मेसेज कोण फिरवतं?

अट काढल्याची गोष्ट अर्धी खरी आहे. जाहिरातींमधून ती बरीच गेली, निवडीतून गेली नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि बर्निंग ग्लास इन्स्टिट्यूट यांनी 2024 मध्ये अमेरिकेतल्या भरतीचा हिशेब मांडला, तेव्हा अट काढल्याचा प्रत्यक्ष फायदा 700 नेमणुकांमागे एकीलाही मिळालेला नव्हता. मला याचं नवल वाटलं नाही. शेकडो अर्ज समोर पडले की चाळणी लागतेच, आणि हाताशी असलेली चाळणी पदवीची असते. हे न्याय्य आहे असं मी म्हणत नाही.

सहा महिन्यांच्या कोर्सबद्दल माझं मत तितकं कडक नाही. पहिली नोकरी त्याने लागू शकते. प्रश्न पुढचा आहे. ज्यांनी फक्त फ्लॅशवर, म्हणजे वेबसाइटवरची अ‍ॅनिमेशन बनवायच्या सॉफ्टवेअरवर, हात बसवला होता, त्यांच्या हाताखालची जमीन सरकत गेली आणि 2020 च्या अखेरीस अ‍ॅडोबने फ्लॅशला टाळंच लावलं. डेमिंग आणि नोरे या अर्थतज्ज्ञांनी त्याच वर्षी दाखवलं की संगणक-अभियांत्रिकीसारख्या शाखांच्या पदवीधरांना सुरुवातीला पगारात मोठी आघाडी मिळते, पण पहिल्या दहा वर्षांतच ती बरीच घटते, कारण शिकलेलं जुनं होतं. चार वर्षांच्या पदवीची ही गत, तर एकाच टूलवर बेतलेल्या कोर्सची काय होईल? टूल बदललं की नवं शिकायचं कसं, हे ज्याला येतं तो तरतो. त्यासाठी गणित लागतं, नीट लिहिता येणं लागतं, आणि दुसऱ्याने केलेलं काम वाचून समजून घेण्याची चिकाटी लागते. ही कंटाळवाणी यादी आहे, मान्य.

विद्यापीठं नोकरीसाठी काहीच शिकवत नाहीत, हे मेसेजचं शेवटचं वाक्य मात्र मला झोंबतं, कारण त्यात तथ्य आहे. पण तयारी होत नाही म्हणून विद्यापीठच नको, हा कुठला न्याय? तयारी कशी करायची हे जुनंच माहीत आहे. 1906 मध्ये सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी अभियांत्रिकीच्या 27 विद्यार्थ्यांना एक आठवडा वर्गात, एक आठवडा कारखान्यात असं आलटून-पालटून बसवलं. यातली मेख परतण्यात आहे. कारखान्यात अडलेला प्रश्न पुढच्याच आठवड्यात वर्गात येऊ शकतो. आजची कित्येक इंटर्नशिप म्हणजे सुट्टीत दोन महिने जाऊन सर्टिफिकेट आणणं. तिथे काय अडलं, हे परतल्यावर कुणी विचारतही नाही. आणि प्लेसमेंट सेलला जाग येते शेवटच्या वर्षी, सॉफ्ट स्किल्सच्या दोन दिवसांच्या वर्कशॉपपुरती.

मध्यंतरी एक मुलगा मुलाखतीला आला होता. सीव्हीवर ‘टीमवर्क, लीडरशिप, क्विक लर्नर’. मी विचारलं, प्रोजेक्टमध्ये काय केलंत?

“आम्ही हजेरीचं अ‍ॅप बनवलं, मॅडम.”

“आम्ही नको. तुम्ही काय केलंत?”

तो गप्प झाला. मग चाचरत म्हणाला, डेटा तपासणं त्याच्याकडे होतं. काही मुलांची हजेरी दोनदा लागत होती. दोन रात्री जागून त्याने कारण शोधलं: नेट अडखळलं की मुलं बटण पुन्हा दाबायची आणि प्रत्येक दाबण्याची वेगळी नोंद व्हायची. सांगता सांगता त्याने टेबलावरचा कागद ओढून आकृती काढायला घेतली.

“हे सीव्हीत का नाही?”

“ती तर चूक होती ना, मॅडम. सरांनी रिपोर्टमधून काढून टाकायला सांगितलं.”