पत्र्याच्या वरची धूळ

चेंबूरहून दादाचा फोन आला की आधी खोकला ऐकू येतो, मग दादा. बाजूच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट चाललंय. पालिकेच्या २०२३ च्या नियमाप्रमाणे धूळ अडवायला २५ फुटी पत्रे उभे आहेत, पण दादा राहतो पाचव्या मजल्यावर. सकाळी पुसलेल्या ग्रिलवर दुपारी बोटाने नाव लिहिता येतं. "तुमचं बरंय," तो म्हणतो, "लंडनला गाड्यांना दंड लावला की काम झालं."

कसलं काम झालं! जुन्या गाड्यांवरचा रोजचा साडेबारा पौंडांचा आकार, म्हणजे यूलेझ (अल्ट्रा लो एमिशन झोन), २९ ऑगस्ट २०२३ ला लंडनच्या कडेच्या आमच्या हॅरोपर्यंत पोचला तेव्हा मीही यथेच्छ शिव्या घातल्या होत्या. आमची कौन्सिल त्याविरुद्ध कोर्टात जाऊन हरली होती. शेजारच्या अक्सब्रिजची पोटनिवडणूक महापौर सादिक खान यांच्या पक्षाने याच रागापायी गमावली. लोक यूलेझच्या गाड्या टिपणाऱ्या कॅमेऱ्यांच्या वायरी कापत होते. पण माझी २०११ ची डिझेल गाडी भंगारात दिल्यावर महापौरांच्या योजनेतून दोन हजार पौंड हातात आले आणि हीथ्रोकडे जाणारी सुपरलूप ही जलद बस होतीच. हे नसतं तर वायर नाही, निदान शिडी तरी मी धरली असती.

२०२४ मध्ये लंडनच्या हवेतला नायट्रोजन डायऑक्साइड पहिल्यांदा कायद्याच्या मर्यादेत आला. तो मुख्यतः डिझेलचा विकार. दादाच्या ग्रिलवरची धूळ कुठल्या सायलेन्सरमधून आलेली नाही, त्यामुळे यूलेझ उचलून चेंबूरला लावा असं मी म्हणत नाही. उचलायचा तर हिशेब उचला: आधी काय दिलं आणि मग कोणाकडून काय घेतलं.

जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना भट्ट्या बदलायला सहा महिने दिले. तो धूर वाईटच, आदेशाशी माझं भांडण नाही. पण भट्टी बदलायचा खर्च पाववाल्याच्या गल्ल्यातून, आणि टॉवर बांधणारा पत्रे ठोकून मोकळा? त्याच वर्षी मे महिन्यात बेस्टचं किमान भाडं ५ रुपयांवरून १० झालं. गाडी घरी ठेवा हे सांगणार तरी कुठल्या तोंडाने?

"धुळीवर पाणी मारतात का रे?" मी विचारलं.

"मारतात की," दादा म्हणाला. "तपासणीला कोणी येणार असलं की सकाळपासून मारतात."