'प्रतिकारक वाणच जिंकणार' म्हणणाऱ्या सरांना

सर, गव्हाची वाणं मिसळून पेरण्यावर 'तांबेरा (पानांवरचा बुरशीचा रोग) आला की प्रतिकारक वाणच जिंकणार, मग मिश्रण कशाला, तेच एक पेरा, आणि बांधावर न गेलेल्यांनी शिकवू नये' असं तुम्ही लिहिलंत. यातलं शेवटचं लिहायची काय गरज होती? तुम्ही मला ओळखत नाही. गव्हाच्या मिश्र प्लॉटमध्ये गुडघे टेकून, शेजारच्या झाडांत गुंतलेले फुटवे (बुडातून फुटलेल्या फांद्या) सोडवून, कुठल्या वाणाचे किती हे मोजण्यात माझी उमेदीची वर्षं गेलीत, संध्याकाळपर्यंत बोटं आणि बाह्या तांबेऱ्याच्या पिवळ्या पावडरीनं माखायच्या. तेव्हा बांधाचं मला सांगू नका.

रोग नसला तरी मिश्रणात चढाओढ असतेच, उजेडासाठी, पाण्यासाठी, नत्रासाठी, आणि तिथे वरचढ ठरणारं वाण एकटं पेरल्यावर जास्त पिकेलच असं नाही. सनेसन या कृषिशास्त्रज्ञानं कॅलिफोर्नियात डेव्हिसला बार्लीची 4 वाणं मिसळून 16 वर्षं तेच बियाणं पुढे पेरत नेलं, 1949 मध्ये निष्कर्ष छापले. शेवटी शेतात बहुतेक अ‍ॅटलस उरलं, ज्याचा पानांवरच्या रोगांचा रेकॉर्ड सगळ्यात वाईट होता! एकटं असताना चांगलं पिकणारं, रोगातही त्याच्यापेक्षा बरं असलेलं व्हॉन जवळजवळ संपलं. तुमच्या नियमात हे कुठे बसतं?

रोगानं ही चढाओढ बदलते, नाही कुठे म्हणतोय मी, पण कधी आला त्यावर सगळं आहे. पिवळा तांबेरा फुटव्यांच्या वेळी आला तर बळी पडणारं झाड फुटवे गमावतं आणि शेजारचं प्रतिकारक झाड तो उजेड घेऊन जास्त ओंब्या काढतं. ओंब्या निसवल्यावर आला तर जागा आधीच वाटून झालेली असते, रोगट झाडाचा दाणा बारीक पडतो, शेजाऱ्याला त्यातून फारसं काही मिळत नाही. शिवाय मधली प्रतिकारक झाडं बुरशीचे बीजाणू अडवतात, म्हणून बळी पडणारं वाण एकटं असताना खातं तेवढा मार मिश्रणात सहसा खात नाही. आणि तुम्ही म्हणता तसं एकच पेरलं, तांबेऱ्याची नवी जात आली न् तिनं त्याचा प्रतिकार मोडला, तर शेतात मध्ये अडवायला दुसरं आहे कोण?

मिश्र गव्हाच्या पिठाची प्रत एकसारखी राहीलच असं नाही, हे तुमचं मान्य. मळणी, बियाणं बदलणं वगैरे बाकीचं इथे नको, तो विषयच वेगळा.

तुमच्याकडे फुटवे मोजलेले आकडे असतील तर जरूर टाका, मी वाचीन. पण माणूस माहीत नसताना त्यानं शेत पाहिलंय की नाही हे ठरवू नका.