त्रिकोणी भोक, गोल कवडसा

वीस वर्षं मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढतेय आणि वीस वर्षं कवडसे चुकीचे काढतेय. हे माझ्या सहा वर्षांच्या भाचीने मला दाखवून दिलं, तेही मी तिला कार्टून लावून देऊन गप्प बसवलेलं असताना.

आमच्या पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा आहे. खिळ्यात अडकून त्याला तांदळाच्या दाण्याएवढं त्रिकोणी भोक पडलंय, शिवायचं राहूनच गेलंय. मे महिन्यात दुपारी चारच्या सुमारास त्यातून फरशीवर कवडसा येतो.

"मावशी, भोकाला तीन कोपरे आहेत. मग खाली हे अंडं कसं?"

मी मान वर न करता म्हटलं, "अगं, उजेड पसरतो."

"पसरला तर मोठा त्रिकोण होईल ना?"

आता काय बोलणार! उठले. बिस्किटाच्या पुड्याचा पुठ्ठा कवडशाखाली जरा तिरका धरला, तर अंड्याचा चक्क गोल झाला. दहा रुपयांचं नाणं टेकवून पाहिलं, जवळजवळ तेवढाच. मग दुसऱ्या पुठ्ठ्याला चौकोनी भोक पाडलं, एक चांदणीसारखं पाडलं, भोकं पडद्यालगत धरून बघितली. सगळ्यांचे कवडसे गोल. कारण तो गोल भोकाचा नसतोच, तो सूर्याचा असतो. सूर्याचा प्रत्येक ठिपका आपापला छोटा त्रिकोण खाली पाडतो आणि ते असंख्य त्रिकोण गोलात दाटीने बसतात. हे तिला सांगायला डब्यातले शंकरपाळे कामी आले. एकेक शंकरपाळा चौकोनी, पण ताटात गोल पसरले की लांबून गोलच दिसतात. पटलं की नाही माहीत नाही, पुरावा मात्र तिने खाऊन टाकला.

मग तिने खडूने फरशीवरच्या कवडशाभोवती रेघ ओढली. दोन मिनिटांत कवडसा रेघेबाहेर! सूर्याला आकाशात स्वतःच्या रुंदीएवढं सरकायला साधारण दोन मिनिटं लागतात, हे मी कधीतरी वाचलेलं होतं. पण आपल्या घरात, आपल्या फरशीवर ते होताना बघणं वेगळंच. (खरं तर सरकतोय आपण, फरशीसकट. ते तिला अजून सांगितलेलं नाही. दुसरा डबा काढावा लागला असता.) तिने एकामागून एक अकरा रेघा ओढल्या. मला चौथ्यालाच कंटाळा आला होता.

म्हणूनच "लहान मुलासारखं व्हा, प्रेरणा आपोआप येईल" हे वाक्य ऐकलं की मला हल्ली हसू येतं. मागे पैसे भरून एका सर्जनशीलता कार्यशाळेला गेले होते. तिथे आम्हा चाळीशीच्या बायाबापड्यांना तेलखडू देऊन "मनमोकळं रेघोट्या मारा" म्हणाले. मुलं कुठे मनमोकळ्या रेघोट्या मारतात? ती भयंकर काटेकोर असतात. उत्तर पटलं नाही तर सोडत नाहीत आणि एकच गोष्ट अकरा वेळा करतात. "उजेड पसरतो" एवढ्यावर भागवून पुढे जातो ते आपण.

मोठ्या माणसांना हे जमतच नाही असंही नाही. चौकोनी छिद्रांतून येणारं ऊन गोल का पडतं, हा प्रश्न प्राचीन ग्रीकांनी लिहून ठेवलाय. खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६०० साली असाच बारीक भोकातून उजेड घेऊन सूर्यग्रहण पाहिलं आणि तोही याच कोड्यात अडकला. त्याने काय करावं? उंचावर एक पुस्तक लावलं, तो त्याचा सूर्य. मध्ये अनेक कोपऱ्यांचं भोक असलेली फळी. पुस्तकाच्या कोपऱ्याला दोरा बांधून तो भोकाच्या कडेकडेने फिरवत खाली आकृती आखली, मग पुढचा कोपरा, मग कडा. शेवटी जमिनीवर पुस्तकाचाच आकार उमटला. ग्रहांच्या कक्षा शोधणारा माणूस दोरा आणि पुस्तक घेऊन जमिनीवर रेघा ओढत बसलाय, हे चित्र मला फार आवडतं.

आणि मग मला १९९५ आठवलं. दिवाळीतलं २४ ऑक्टोबरचं ग्रहण. आम्ही कोकणात आजोळी होतो. आजीने दारं-खिडक्या लावून घेतल्या, लोणच्याच्या बरणीवर, पाण्याच्या हंड्यावर दर्भ ठेवले, आम्हा पोरांना माजघरात कोंडलं. चुलीच्या धुरातून कौलांच्या फटींमधल्या तिरिपी भिंतीवर उतरत होत्या आणि भिंतभर, मडक्यांवर, मामाच्या सदऱ्यावर चंद्रकोरीसारख्या उजेडाच्या कोरीच कोरी. एरवी तिथे गोल कवडसे असायचे. इतका बंदोबस्त करूनही ग्रहण छपरातून आत आलं होतं, तेही एक नाही, पाचपन्नास! आजी बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "बघा, पण हात नका लावू."

एवढं पाहिलेली मी, आणि चित्रांत जाळीच्या खिडकीखाली चौकोनी कवडसे काढत आले. एकाही संपादकाने हटकलं नाही, तेही काढणारे-छापणारे माझ्यासारखेच. हातातल्या पुस्तकातलं स्वयंपाकघराचं चित्र काल पुन्हा काढलं. मुदत टळली, बोलणी खाल्ली.

भाची परवा घरी गेली. आज कामाच्या ताईंनी विचारलं, फरशीवरच्या या अकरा अंड्यांचं काय करायचं? म्हटलं, राहू द्या दोन दिवस. २ ऑगस्ट २०२७ ला, सोमवारी, दुपार कलल्यावर आपल्याकडे खंडग्रास ग्रहण आहे. ऐन पावसाळा, ढग असणारच. तरी भाचीला आजच सांगून ठेवलंय, आणि पडदा शिवायचा नाही असं ठरलंय.