कार्बनची सायकल काचेची नसते

सायकलवाल्यांमध्ये एक मेसेज फिरून फिरून येतोय. सोबत तुटलेल्या फोर्कचा, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या भागाचा, फोटो. कुठला, कधीचा, पत्ता नाही. मजकूर थोडक्यात असा: कार्बन फायबर म्हणजे काच; धातू वाकून इशारा देतो, कार्बन न सांगता तुटतो; पाच वर्षांत त्याची मुदत संपते; उन्हात तो कुजतो; एकदा आपटला की फ्रेम भंगारात; आणि पटत नसेल तर कार्बनच्या कवचाची टायटन पाणबुडी आठवा.

यातलं एकच वाक्य अर्धं खरं आहे, ते म्हणजे धातू आणि इशाऱ्याचं. म्हणून आधी तेच घेतो.

जोरात धडक बसली तर धातू वाकतो, हे खरं. पण रोजच्या वापरात धातूचे भाग बहुतेक वेळा धडकेने तुटत नाहीत, थकून तुटतात. माझ्याकडे अ‍ॅल्युमिनियमचा एक तुटका हँडलबार जपून ठेवलेला आहे. स्टेमची, म्हणजे हँडलबारला फोर्कशी जोडणाऱ्या तुकड्याची, पकड जिथे संपते, नेमका तिथे तुटलाय. तुटलेलं तोंड उजेडात धरलं की दोन रंग दिसतात. अर्ध्याहून जास्त भाग काळपट आणि गुळगुळीत, त्यावर झाडाच्या खोडात असतात तशा बारीक कमानी. उरलेला भाग चकचकीत, साखरेसारखा खरखरीत. काळपट भाग बरेच दिवस केसाकेसाने फाटत होता, चकचकीत भाग शेवटच्या क्षणी गेला. आणि हँडलबार? सरळच्या सरळ. कुठे वाक नाही, पोक नाही. कसला इशारा घेऊन बसलात!

अ‍ॅल्युमिनियमची गंमत अशी की, ताण छोटा असला तरी तो पुरेशा वेळा दिला की चीर पडतेच. पोलादाला निदान एक मर्यादा असते, तिच्या खालचा ताण ते जवळजवळ कायम सोसतं. नीट बांधलेला कार्बन या वारंवारच्या ताणात अ‍ॅल्युमिनियमपेक्षा कितीतरी जास्त टिकतो. 2006 च्या पारि-रुबे शर्यतीत अमेरिकी सायकलपटू जॉर्ज हिनकॅपीच्या हातात हँडलबार सुटून आला आणि तो रस्त्यावर आदळला, हे दृश्य अजून अनेकांच्या डोळ्यांसमोर आहे. ‘बघा, कार्बन!’ म्हणून तो प्रसंग सांगणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की तुटलेली स्टिअरर ट्यूब, म्हणजे फोर्कचा वर जाणारा दांडा, अ‍ॅल्युमिनियमची होती.

आता त्या वाक्याची खरी बाजू. कार्बनला बाहेरून ठोका बसला तर आतले थर एकमेकांपासून सुटू शकतात आणि वर रंगावर साधा ओरखडाही दिसत नाही. धातूवरचा पोचा दिसतो, हा दिसत नाही. पण त्याला वाचा नाही असंही नाही. नाणं घेऊन नळीवर टकटक करत पुढे सरकायचं. चांगल्या जागी खणखणीत, कोरडा आवाज येतो. थर सुटले असतील तिथे तो एकदम बसका होतो, भिजलेल्या पुठ्ठ्यावर वाजवल्यासारखा. जुना सुती कपडा फिरवला तर उघडे पडलेले तंतू धागा ओढतात. आवाज फ्रेमच्या जाडीप्रमाणेही बदलतो, म्हणून डाव्या बाजूची उजवीशी तुलना करायची. शंका उरलीच तर अल्ट्रासाउंडने तपासून घ्यायचं. फोर्क आणि हँडलबारच्या बाबतीत मात्र मी शंकेला जागाच ठेवत नाही, बदलून टाकतो. तिथे चूक झाली तर दात आणि हनुवटी पणाला लागतात.

काचेची उपमा तर मुळातच फसलेली आहे. काचेत चीर सुरू झाली की तिला अडवणारं काही नसतं. कार्बनचा एक तंतू साधारण 7 मायक्रॉन जाडीचा, केसाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. असे हजारो तंतू रेझिनमध्ये, म्हणजे वाळून घट्ट होणाऱ्या चिकट राळेत, भिजवून, वेगवेगळ्या दिशांनी थरावर थर रचून भाग तयार होतो. चिरेला पुढे जायचं तर वाटेत आडवे तंतू येतात. सायकलींसाठीच्या आयएसओ 4210 या मानकात फ्रेमवर पेडलचा जोर 1,00,000 वेळा दिला जातो, 22.5 किलोचं वजन वरून सोडून आघाताची चाचणीही होते. कार्बनला त्यात सवलत नाही. अर्थात मानक पाळणाऱ्यांचंही चुकतं. 2021 मध्ये ल सामँ शर्यतीत मॅथ्यू व्हॅन डर पूलचा हँडलबार तुटला आणि सायकल बनवणाऱ्या कॅनियन कंपनीने ग्राहकांना त्या सायकली चालवू नका म्हणून कळवलं. चूक त्या भागाच्या रचनेत होती. ती सगळ्या कार्बनच्या नावावर मांडायची असेल, तर तुटलेला प्रत्येक हँडलबार अ‍ॅल्युमिनियमच्या नावावर मांडावा लागेल.

टायटनचा दाखला सगळ्यात सोपा. तंतू ओढले तर अफाट बळकट असतात. दाबले तर त्यांना वाकू न देण्याचं काम रेझिनला करावं लागतं. 2023 मध्ये टायटन फुटली ती टायटॅनिककडे जाताना. ते जहाज सुमारे 3,800 मीटर खोल आहे, म्हणजे चहूबाजूंनी शेकडो वातावरणांचा दाब. कार्बनकडून करून घ्यायला सगळ्यात अवघड काम. सायकलच्या नळीच्या नशिबी ते येत नाही. त्यापेक्षा बोईंग 787 आठवा. त्याच्या ढाच्याचा सुमारे निम्मा भार संमिश्र साहित्याचा, मुख्यतः कार्बनचा, आहे आणि 2011 पासून ती विमानं प्रवासी नेत आहेत.

पाच वर्षांची मुदत? नाही. कुणीतरी हेल्मेटचा सल्ला उचलून इथे चिकटवलाय. ऊन? अतिनील किरणांनी उघडं रेझिन खराब होतं हे खरं, म्हणून तर वर रंग किंवा लॅकर असतो. उष्णतेची भीती घालायचीच तर रिम ब्रेकची, म्हणजे चाकाच्या कडेलाच घासणाऱ्या ब्रेकची, घाला. लांबलचक उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवला तर कार्बन रिम इतकी तापू शकते की रेझिन मऊ पडून थर सुटतात. डिस्क ब्रेकमध्ये ती झळ रिमपर्यंत पोचतच नाही.

आपटली की भंगारात, हेही नाही. खराब भाग उताराने घासून काढायचा, मूळ दिशेने नवे थर बसवायचे आणि गरम करून पक्के करायचे, अशी फ्रेमची दुरुस्ती जाणते कारागीर करतात. घासताना उडणारी धूळ फुप्फुसांना वाईट, त्यामुळे घरच्या घरी हा उद्योग नको.

मेसेजमध्ये नसलेली गोष्ट आहे बोल्टची. स्टेमवर बहुतेकदा 5 न्यूटन-मीटर असं छापलेलं असतं. 10 सेंटिमीटर लांबीच्या अ‍ॅलन कीच्या टोकाला पाच किलो वजन टांगलं तर जेवढा पीळ बसेल, तेवढाच. ‘अजून थोडं’ म्हणून मनगटाला झटका दिला की त्याच्या दुप्पट सहज होतं, आणि नळीला आडवा चिमटा बसतो. त्या दिशेने सोसायला पुरेसे तंतू तिथे नसतात. सीटपोस्ट, म्हणजे सीटचा दांडा, घसरतो म्हणून आवळत सुटणाऱ्यांना खरी गरज असते ती खरखरीत कणांच्या कार्बन पेस्टची. ती लावली की कमी पिळात पकड बसते. पण टॉर्क रेंच, म्हणजे पीळ मोजून आवळणारा पाना, सांगितला की लोक असं बघतात, जणू आपण सोन्याचा पाना मागितला.

मेसेजमधला फोटो मोठा करून पाहिला. फोर्क तुटलाय तो स्टिअरर ट्यूबवर, स्टेमच्या खालच्या कडेला. त्याच्या जरा वर, रंग दबून, स्टेमच्या पकडीची गोल खूण उमटलीय. आणि नळीच्या आत, आवळताना आधार म्हणून जो एक्स्पांडर प्लग असायला हवा, त्या जागी पोकळी आहे.