'बरी आसां' म्हणून फोन ठेवू नका

गेल्या वर्षी श्रावणात, गोव्यातल्या डिचोलीच्या बुधवारच्या बाजारात तेऱ्याची पानं निवडताना मला कळलं की माझ्या जिवाभावाच्या मैत्रिणीच्या छातीचं ऑपरेशन होऊन पाच आठवडे झालेत. सांगणारी भाजीवाली. तिला वाटलं, मला ठाऊक असणारच. 'तुजी ती सांखळेची इश्टीण आतां बरी मगो?' एवढंच तिने विचारलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. जुडी माझ्या हातात तशीच राहिली.

त्याच सकाळी मी तिला प्राजक्ताच्या फुलांचं 'शुभ सकाळ' पाठवलं होतं. तिने हात जोडल्याचं चित्र परत पाठवलं होतं. त्या पाच आठवड्यांत आमचं रोज असंच चाललं होतं. मधे एकदा मी फोनही केला होता. 'कशी आसा गो?' 'बरी आसां', म्हणजे बरी आहे. मग पाऊस, महागलेले नारळ, माझ्या मुलीची परीक्षा. दहा मिनिटं बोललो असू. फोन ठेवताना मला समाधान वाटलं होतं की चला, बोलणं झालं. तेव्हा तिच्या काखेत नळी होती, हे तिने मला पुढे सांगितलं.

आम्ही पाच जणी 1989 च्या दहावीच्या, मराठी माध्यमाच्या एकाच वर्गातल्या. लग्नं होऊन कोण साखळीला, कोण मयेला, कोण सत्तरीतल्या केरीला, कोण डिचोलीतच, आणि मी फोंड्याला. आम्ही एकमेकींना गावावरूनच हाक मारतो: साखळीकरीण, मयेकरीण, केरीकरीण. बोलतो कोकणीत, एकमेकींना लिहितो मराठीत. शाळेत फळ्यावर मराठी आणि मधल्या सुट्टीत कोकणी, तेव्हापासूनची सवय. 'बरी आसां' हे मात्र लिहिण्याचंही झालंय आणि बोलण्याचंही. त्या दोन शब्दांत काहीही मावतं. नवऱ्याचं कर्ज, सासूचं अंथरुण, आपल्याच अंगातली गाठ, सगळं.

त्या बुधवारी मी फोंड्याला परतलेच नाही. पिशवी घेऊन तशीच साखळीची बस पकडली. तिने दार उघडलं, मला पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलली, 'म्हाका कितें जालां तें तुका कोणें सांगलें?' मी म्हटलं, 'तुवें सांगूंक ना म्हूण कोणेंय सांगलें.' मग दोघी रडलो. नंतर तिने चहा ठेवला, मी तो उतरवला, कारण तिचा डावा हात वर जात नव्हता.

'सांगलें ना कित्याक गो?' असं मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, 'तुमकां कित्याक त्रास?' आमच्या पिढीच्या सगळ्या बायका हेच म्हणतात. माझी आई हेच म्हणायची. मला या वाक्याचा मनापासून राग आहे. वरून ते आपुलकीचं वाटतं, पण त्याने समोरच्या माणसाला दाराबाहेर उभं केलेलं असतं.

खरं कारण वेगळं होतं. ते तिने चहाचा कप बाजूला ठेवून, खाली बघत सांगितलं. तिच्या मुलीसाठी एक स्थळ आलं होतं. मुलगा चांगला, घर चांगलं, बोलणी अर्ध्यावर आलेली. आईला कॅन्सर म्हटल्यावर 'घराण्यात आहे' असं कोणी म्हणेल, ही भीती. म्हणून आधी गाठच तीन महिने लपवली. नवऱ्यापासूनसुद्धा. ते तीन महिने मला आजही सलतात. ऑपरेशनला त्या तीन महिन्यांनी काय फरक पडला ते डॉक्टर जाणोत, मी त्यात पडत नाही. पण तीन महिने रात्री एकटीने हात लावून बघायचं की वाढलीय का, आणि सकाळी उठून डबे भरायचे, हे तिने केलं. आणि आम्ही चौघी फुलं पाठवत होतो.

भारतातल्या बायकांमध्ये सगळ्यांत जास्त आढळणारा कॅन्सर स्तनाचाच. आणि त्यातला आईकडून किंवा बापाकडून रक्तात आलेला असतो तो शंभरात पाच ते दहा जणींचाच. हे मला तिच्याबरोबर दवाखान्यात बसायला लागल्यावर कळलं. मुलीने काळजी घ्यायला हवी, तपासणी लवकर सुरू करायला हवी, हे डॉक्टरांनी सांगितलं आणि ते खरंच आहे. पण 'घराण्यात आहे' म्हणून मुलगी नाकारायची, हे अडाणीपणाचं आणि दुष्टपणाचं आहे. गावात जे लोक असं बोलतात, त्यांच्यामुळे बायका गाठी लपवतात. मी हे इथे स्पष्ट लिहितेय, कारण ही पोस्ट वाचणाऱ्यांत मुलांच्या आया आहेत. उद्या तुमच्याकडे कोणाची तरी पत्रिका येणार आहे.

लपवण्याचं आणखी एक कारण ती बोलली, तेही मला पटलं. बघायला येणारी माणसं. आजाऱ्याला बघायला जाणं ही आपल्याकडची चांगली रीत आहे, सफरचंदं आणि बिस्किटांचा पुडा घेऊन लोक दोन बस बदलून येतात. पण येऊन बसतात आणि सांगतात, 'आमच्या भावजयीलाही हेच झालं होतं, ती तीन वर्षं होती.' तिच्याकडे एक बाई ही गोष्ट सांगून, पाणी पिऊन, निघून गेली. त्यानंतर तिने दार लावूनच घेतलं. तेव्हा सांगितलं नाही म्हणून मैत्रिणीवर रुसण्याआधी, आपण ऐकायच्या लायकीचे आहोत का हे आपल्याला बघायला हवं. मी स्वतःपुरतं शिकले ते एवढंच. कोणी आजाराचं सांगितलं की दुसऱ्या कोणाच्या आजाराची गोष्ट काढायची नाही. औषध सुचवायचं नाही. 'पुढची तारीख कधी आहे, बरोबर कोण जातंय?' हे विचारायचं.

तिच्याबरोबर जाणारं कोणी नव्हतं. नवरा नोकरीवर, मुलगी कॉलेजला. एकवीस दिवसांतून एकदा केमो. साखळीहून पणजी, पणजीहून बांबोळी, आणि इंजेक्शन घेऊन तसंच परत. दुसऱ्या वेळेपासून आम्ही वाटून घेतलं. मी फोंड्याहून थेट गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या सरकारी इस्पितळात, पोचायची, मयेकरीण तिला घरून घेऊन यायची. डिचोलीची मैत्रीण संध्याकाळी तिच्या घरी भाकरी करून ठेवायची.

त्या बाकांवर बसून आम्ही जितकं बोललो तितकं दहावीनंतर कधी बोललो नसू. तिच्या मांडीवर निळी फाईल असायची, साडीच्या दुकानाच्या पिशवीत गुंडाळलेली, वर रबरबँड. फाईलवर तिची बोटं. चौथ्या केमोपर्यंत तिची नखं काळपट जांभळी झाली होती, हातावर दार आपटल्यासारखी. ती नखं पदराखाली घ्यायची. मी एकदा तिचा हात ओढून माझ्या हातात धरला आणि नंबर येईपर्यंत सोडला नाही. तोंडाला लोखंडाची चव येते म्हणायची. मासळीचा वास नको झालेला. मासळीशिवाय जिचा घास उतरायचा नाही, ती तीन महिने पेज आणि तोंडी लावायला तोर, म्हणजे कैरी, एवढ्यावर होती. तशातही ती मला विचारायची, 'तुज्या चलयेचें कितें जालें? नोकरी मेळ्ळी?' पहिल्या वेळी मी भरभरून सांगू लागले. मग गप्प झाले आणि म्हटलं, मुलीचं राहू दे, तू सांग. तिला बराच वेळ काही सांगता आलं नाही. मुलांबद्दल, नवऱ्याबद्दल, सासूबद्दल ती तासभर बोलू शकते. स्वतःबद्दल बोलायला सुरुवात कुठून करायची हेच तिला माहीत नव्हतं. मलाही माहीत नसतं. आपल्याला कोणी तसं विचारलेलंच नसतं.

तिचं उघड झालं आणि मग बाकीच्यांचंही एकेक बाहेर यायला लागलं. आम्हा पाच जणींत दोघींना शुगर आहे, आणि दोघींनीही ती एकमेकींपासून लपवली होती. गोळी पदराआड घ्यायच्या, हळदीकुंकवाला पेढा नाकारायचा नाही. 2023 मध्ये आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या देशभरच्या पाहणीचे आकडे आले, त्यात मधुमेहात गोवा सगळ्या राज्यांत वर, 26.4 टक्के. देशाची सरासरी 11.4. म्हणजे आपल्याकडे चार मोठ्या माणसांत एकाला आहे. लग्नाच्या पंगतीत तुमच्या रांगेत बसलेली माणसं मोजा. इतक्या घराघरातली गोष्ट लपवायची कशाला?

मयेकरणीचं सगळ्यांत उशिरा कळलं. तिच्या नवऱ्याचे खाणीतलं खनिज वाहणारे दोन टिपर, म्हणजे ट्रक, होते. खाणीचे दिवस ज्यांनी बघितलेत त्यांना सांगायला नको की डिचोली तालुक्यात तेव्हा टिपर म्हणजे काय होतं. 2012 मध्ये खाणी थांबल्या, पुन्हा जरा सुरू झाल्या, आणि 2018 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने 88 लिजांचं नूतनीकरण रद्द केलं. मार्चच्या मध्यापासून गाड्या पुन्हा अंगणात. खाणींनी डोंगर आणि शेतं खाल्ली हे मला मान्य आहे, त्यावर वेगळं लिहीन. पण अंगणात गंजणारा टिपर रोज सकाळी बघणाऱ्या घरात काय होतं, ते मला तिने सांगेपर्यंत माहीत नव्हतं. मी पतसंस्थेत कर्जखात्यावर बसते. हप्ते थकलेली माणसं रोज बघते. आणि माझ्याच मैत्रिणीने मंगळसूत्राच्या वाट्या सोडून बाकीचं सोनं गहाण टाकलं होतं. चतुर्थीला मी तिच्या घरी गेले होते, गणपतीवर बांधलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली बसून नेवऱ्या खाल्ल्या होत्या, तिच्या बांगड्या काचेच्या आहेत हे बघितलं होतं आणि 'किती साजतात गो' म्हणाले होते.

केरीकरीण प्राथमिक शाळेत शिकवते. तिच्या शाळेत मुलं इतकी कमी उरलीत की पहिली ते चौथी एकाच खोलीत बसतात. शाळा कधी दुसऱ्या शाळेत विलीन करतील या धास्तीत ती दर जून काढते. गोव्यातल्या गावोगावच्या मराठी शाळांची हीच कथा आहे, वर्तमानपत्रात बातमी येते, आपण हळहळतो. पण त्या खोलीत उभ्या असलेल्या बाईला रात्री झोप लागते का, हे कोण विचारतं? आम्हीही विचारलं नव्हतं. तिला आम्ही विचारायचो, 'मुलगा बोटीवरून कधी येतोय?'

आता आम्ही महिन्याच्या पहिल्या बुधवारी भेटतो. केरीकरीण शाळा सुटल्यावर येते. बाजार करायचा आणि बसस्टँडजवळच्या हॉटेलात पातळभाजी-पाव आणि चहा, दोन चहा बिनसाखरेचे. तिथे ते दोन आता मोठ्याने मागवले जातात. मुलांचं आधी कोणी काढायचं नाही, आधी स्वतःचं. शुगर किती आली, बीपीची गोळी चुकली का, छाती तपासून घेतली का. एकीचं गोवा सरकारच्या दीनदयाळ आरोग्य विम्याचं कार्ड नूतनीकरणाविना पडून होतं, ते अशाच गप्पांत निघालं. तीन माणसांपर्यंतच्या घराला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त माणसं असली तर चार लाख, एवढा आधार कपाटात कालबाह्य होऊन पडला होता. तिला आम्ही दुसऱ्याच आठवड्यात रांगेत उभं केलं.

व्हॉट्सॲपवर माझा राग नाही. बाहेरगावच्या मुलांचे चेहरे आम्हाला त्यानेच दिसतात. पण रोज सकाळी फूल पाठवलं की विचारपूस झाली, असं मनाला वाटतं, आणि ते खोटं आहे. माझ्या फोनमध्ये तिची ती पाच आठवड्यांची जोडलेल्या हातांची चित्रं अजून आहेत. मी ती पुसलेली नाहीत.

पुरुषांनीही हे वाचावं. तुम्ही शिगम्याला एकत्र नाचता, दहीकाल्याला रात्रभर एका मांडवात बसता, आणि मित्राच्या छातीत दोन महिने कळ येत होती हे तुम्हाला मयताला गेल्यावर त्याच्या भावाकडून कळतं. माझ्या चुलतभावाच्या बाबतीत हेच झालं. पेपरातल्या निधनवार्तेत त्याचा फोटो बघून फोन करणारे त्याचे वर्गमित्र होते, आणि ते खोटं रडत नव्हते.

तिच्या मुलीचं ते स्थळ मोडलं नाही. साखळीकरणीने शेवटी स्वतःच मुलाच्या आईला फोन करून सगळं सांगितलं, तेव्हा मी शेजारी बसले होते. पलीकडची बाई थोडा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, 'माझ्या बहिणीचं झालंय. तुमचे केस परत आले का?' लग्न मार्गशीर्षात झालं.

येत्या सोमवारी तिची सहा महिन्यांची तपासणी आहे. मयेकरणीला यावेळी जमत नाही, म्हणून केरीकरणीने रजा टाकलीय. निळी फाईल मागच्या वेळेपासून माझ्याकडेच आहे.