आयात शुल्क शेवटी भरतो कोण?

मुक्त व्यापार करारांविरुद्धचा एक मजकूर पुन्हा जोरात फिरतोय. त्याचा सारांश असा: करार केला की बाजारपेठ सताड उघडी पडते, आयात शुल्क वाढवलं की भुर्दंड परदेशी कंपनीला बसतो आणि देशी कारखाना तरतो, आजचे श्रीमंत देश याच वाटेने मोठे झाले, करारानंतर आयात वाढली म्हणजे आपण फसलो, आणि समोरचा देश करार पाळतच नाही. देशी उद्योग टिकावेत हे कुणालाही पटेल. घोळ पुढच्या युक्तिवादात आहे.

आधी ते सताड उघडं दार. गॅट या जागतिक व्यापाराच्या मूळ कराराच्या कलम २४ प्रमाणे अशा करारात ‘जवळजवळ सर्व’ व्यापारावरचं शुल्क काढायचं असतं, आणि त्या ‘जवळजवळ’मध्ये प्रत्येक देश आपला नाजूक माल बसवून घेतो. काही वस्तू वगळल्या जातात, काहींचं शुल्क दहा-पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने उतरतं, आयात अचानक फुगली तर ते तात्पुरतं परत लावायची सोयही असते. मेक्सिकोने अमेरिका आणि कॅनडाबरोबरच्या १९९४च्या नाफ्टा या मुक्त व्यापार करारात मक्यासाठी अशीच सोय करून घेतली होती: ठरावीक कोटा शुल्काविना, त्यापुढच्या मालावर जबर शुल्क, आणि हे सगळं काढायला १५ वर्षांची मुदत. झालं काय, तर कोटा ओलांडून आलेला अमेरिकी मकाही मेक्सिकोच्या सरकारने शुल्क न घेता आत येऊ दिला. अनुदानावर पिकलेल्या त्या मक्याचा मार छोट्या शेतकऱ्यांनी खाल्ला. करारावर खापर फोडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, इथे कुंपणानेच शेत खाल्लं.

आता मजकुरातला सगळ्यात लाडका मुद्दा, शुल्क परदेशी कंपनी भरते. शुल्काची पावती फाटते ती आयात करणाऱ्या देशी व्यापाऱ्याच्या नावावर. परदेशी उत्पादकाने दर उतरवून थोडा भार उचलला तर उचलला, एरवी बोजा गिऱ्हाइकावर जातो. अमेरिकेने जानेवारी २०१८मध्ये आयात वॉशिंग मशीनवर शुल्क लावलं: वर्षाला पहिल्या १२ लाख यंत्रांवर २० टक्के, त्यापुढे ५० टक्के. अर्थतज्ज्ञांनी नंतर दुकानातल्या किमती तपासल्या, तर यंत्रं सुमारे १२ टक्क्यांनी महागलेली निघाली. आयात केलेली तर महागलीच, देशी कंपन्यांनीही हात धुऊन घेतले. गंमत पुढेच आहे. कपडे वाळवायच्या ड्रायरवर शुल्क नव्हतंच, तरी तोही जवळपास तेवढाच महागला, कारण दोन्ही यंत्रं जोडीने विकली जातात आणि वाढ दोघांवर वाटून टाकता येते. नवे रोजगार निघाले सुमारे १८००. शुल्काचं उत्पन्न वजा केल्यावर एकेका रोजगारामागे ग्राहकांनी सुमारे ८ लाख १५ हजार डॉलर मोजले. एवढ्या पैशात त्या कामगाराला घरबसल्या कित्येक वर्षांचा पगार देता आला असता!

शिवाय ‘देशी उद्योग’ हा काही एकच कारखाना नसतो. पोलाद बनवणारा देशी, तसा पोलाद विकत घेऊन सुटे भाग बनवणाराही देशीच. मार्च २००२मध्ये अमेरिकेने पोलादावर ३० टक्क्यांपर्यंत शुल्क लावलं, तेव्हा पहिली ओरड या दुसऱ्या कारखानदारांनी केली. जागतिक व्यापार संघटनेतही निकाल विरोधात गेला आणि डिसेंबर २००३मध्ये ते शुल्क गुंडाळावं लागलं.

श्रीमंत देशांचा मुद्दा मात्र निम्मा खरा आहे, म्हणूनच तो जास्त फसवा. दक्षिण कोरियाने आपला मोटार उद्योग अनेक वर्षं आडोशाला ठेवला, हे कबूलच. पण तिथलं सरकार स्वस्त कर्ज देताना निर्यातीचं लक्ष्यही हातात ठेवायचं, आणि कर्जाचा नळ सरकारच्याच ताब्यात होता. १९७५मध्ये ‘पोनी’ काढणारी ह्युंदाई १९८६मध्ये थेट अमेरिकेत गाड्या विकू लागली. याउलट ब्राझीलने १९८४च्या कायद्याने छोट्या संगणकांची बाजारपेठ देशी कंपन्यांसाठी राखून ठेवली. बाहेर विकून दाखवायची सक्ती नाही, बाहेरची स्पर्धाही नाही. परिणामी देशात मिळणारा संगणक महाग आणि मागच्या पिढीचा, चोरट्या आयातीला ऊत, आणि बँकांपासून कारखान्यांपर्यंत सगळ्यांना तोच घ्यावा लागायचा. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हे राखीव कुरण मोडलं. संरक्षण दोन्हीकडे होतं. परीक्षा एकाच ठिकाणी होती. मजकूर लिहिणाऱ्याने कोरियाचं शुल्क उचललं आणि परीक्षा सोडून दिली.

आयात वाढली म्हणजे फसलो, यावर फार बोलायची गरज नाही. वाढलेल्या आयातीत यंत्रं आणि कच्चा माल किती, हे न पाहता नुसता आकडा नाचवण्यात अर्थ नाही. शिवाय ज्या आयातीने अमेरिकेतली कारखान्यांची गावं खरोखर ओस पडली ती चीनमधली, आणि त्या दोन देशांत मुक्त व्यापार करार कधी झालेलाच नाही.

राहिला शेवटचा आरोप, समोरचा देश करार पाळत नाही हा, आणि त्यात तथ्य आहे. ऑस्ट्रेलिया-थायलंड करार २००५मध्ये लागू झाला. थायलंडने मोठ्या गाड्यांवरचं जबर आयात शुल्क काढलं, पण इंजिनाच्या आकारानुसार चढत जाणारा देशांतर्गत कर तसाच ठेवला. ऑस्ट्रेलियात बनणाऱ्या फोर्ड टेरिटरी या गाडीचं इंजिन चार लिटरचं, त्यामुळे ती तिथे महागच राहिली आणि जेमतेम खपली. थायलंडचे पिकअप ट्रक मात्र ऑस्ट्रेलियात धडाधड विकले गेले. पण यावर मजकूर सुचवतो तो उपाय, म्हणजे आपलं शुल्क वाढवणं, इथे काय कामाचा? ऑस्ट्रेलियाने ते कितीही चढवलं असतं, तरी बँकॉकमध्ये एकही टेरिटरी जास्त विकली गेली नसती. सह्या करण्याआधी मागायला हवं होतं ते इंजिनावरच्या कराचं कलम.