होसे फर्नांडेस आणि समुद्राच्या नावावर खपवलेलं मरण

दर वर्षी 25 सप्टेंबर आला की माझ्या फीडवर होसे फर्नांडेसच्या 16 नंबरच्या जर्सीचे फोटो यायला लागतात. खाली कधी इंग्रजीत, कधी स्पॅनिशमध्ये एकच भाव: ज्या समुद्रानं आणलं, त्याच समुद्रानं नेलं. या वाक्याचा मला आता राग येतो. का, ते जरा सविस्तर लिहितो. बेसबॉलशी देणंघेणं नसलं तरी वाचा, खेळ यात थोडाच आहे.

होसे फर्नांडेस, मायामी मार्लिन्स या अमेरिकन बेसबॉल क्लबचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. जन्म 1992, क्यूबातलं सांता क्लारा. देश सोडून पळायचे तीन प्रयत्न फसले, त्यापायी कोवळ्या वयात तुरुंगही बघून झाला. 2008 साली चौथ्यांदा निघाले तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. रात्री खवळलेल्या पाण्यात बोटीवरून कुणीतरी पडलं, यानं मागचापुढचा विचार न करता उडी टाकली. जवळ गेल्यावर कळलं की ही आपलीच आई. तिला धरून पोहत बोटीपर्यंत आणलं. मग मेक्सिकोमार्गे फ्लोरिडात टँपा, तिथली शाळा, 2011 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब नवे खेळाडू निवडतात त्यात, पहिल्याच फेरीत मार्लिन्स, आणि 2013 मध्ये नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित. बेसबॉलचं वेड आजीकडून आलेलं. त्याच वर्षी क्लबनं त्याला न सांगता तिला क्यूबाहून आणून समोर उभं केलं. तो व्हिडिओ शोधून बघा. सहा फुटी दांडगा गडी लहान मुलासारखा रडतो.

2014 मध्ये कोपराचं ऑपरेशन झालं, वर्ष त्यातच गेलं. तरीही मायामीच्या मैदानावर त्याचा हिशोब काय, तर 29 विजय, 2 पराभव! एकदा समोरच्या संघाच्या ट्रॉय टुलोविट्स्कीनं मारलेला सणसणीत चेंडू सरळ त्याच्या अंगावर आला आणि यानं तो ग्लव्हमध्ये असा उचलला की टुलोविट्स्कीलाच खरं वाटेना. धरलास का, असं त्यानं विचारलं, तर हा हसत म्हणतो, हो, धरला की. गंभीर चेहऱ्यानं खेळायच्या या खेळात असा हसरा पोरगा काही जुन्या खेळाडूंना खटकायचा. लोकांना तोच हवा होता.

24 सप्टेंबर 2016 च्या रात्री, म्हणजे खरं तर 25 च्या पहाटे, त्याची बोट मायामी बीचजवळ दगडी धक्क्यावर आदळली. तो आणि त्याचे दोन मित्र जागीच संपले. वय 24. त्याची प्रेयसी गरोदर होती, ते त्यानं स्वतःच काही दिवसांपूर्वी इन्स्टाग्रामवर जाहीर केलं होतं.

चाहत्यांचं जर-तर लगेच सुरू झालं. आधी त्याची चेंडू टाकायची पाळी रविवारी होती, ती सोमवारवर ढकलली गेली होती. रविवारी चेंडू टाकायचा असता तर शनिवारी रात्री घरी झोपला असता, हे वाक्य मी त्या आठवड्यात किती तोंडांतून ऐकलं याची मोजदाद नाही. आमच्या ऑफिसात एक क्यूबन बाई आहेत, पन्नाशीच्या पुढच्या. सोमवारी सकाळी त्या नेहमीप्रमाणे कोलादा घेऊन आल्या. कोलादा म्हणजे साखर घोटलेली कडक कॉफी, एका ग्लासात येते आणि अंगठ्याएवढ्या प्लास्टिकच्या कपांतून सगळ्यांत वाटायची असते. त्या कप भरत होत्या आणि बोलत होत्या त्याच्या आईबद्दल. खेळाचा एक शब्द नाही. या बाई मैदानावर कधी गेल्या असतील असं मला वाटत नाही. पण मूल घेऊन पाण्यात उतरणं म्हणजे काय, ते त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. मायामीत त्या आठवड्यात असे हजारो लोक रडत होते. 'ओळख ना पाळख, एवढं काय' म्हणणाऱ्यांना मी त्या दिवसापासून उत्तर देणं सोडलं.

त्या सोमवारची मॅच न्यूयॉर्कच्या मेट्सविरुद्ध. मार्लिन्सचा प्रत्येक खेळाडू पाठीवर फर्नांडेस आणि 16 लावून उतरला. पहिला बॅटर डी गॉर्डन. हा डावखुरा, पण होसेचं हेल्मेट घालून उजव्या बाजूला उभा राहिला, हुबेहूब होसेच्या ढंगात, आणि पहिला चेंडू तसाच जाऊ दिला. मग हेल्मेट बदलून आपल्या बाजूला आला आणि थोड्याच वेळात मेट्सचा पिचर बार्तोलो कोलोनचा चेंडू थेट वरच्या मजल्यावर भिरकावला. त्या अख्ख्या हंगामात त्यानं मारलेला हा एकमेव होमरन, म्हणजे आपल्या षटकारासारखा फटका. बेस फिरताना तो हमसून रडत होता. कोलोननं मुद्दाम सोपा टाकला असेल का? असेल नाही तर नसेल, मला फरक पडत नाही. आणि हाच गॉर्डन त्याच वर्षी बंदी घातलेल्या औषधांपायी 80 मॅचेस बाहेर बसला होता. हेही खरं, तेही खरं. मॅच 7-3 नं जिंकल्यावर सगळ्यांनी आपल्या टोप्या पिचरच्या उंचवट्यावर ठेवल्या. ऑस्ट्रेलियाचा क्रिकेटपटू फिल ह्यूज गेल्यावर दाराबाहेर बॅट ठेवणाऱ्या आपल्या लोकांना हे समजावून सांगावं लागू नये.

ऑक्टोबर संपता संपता शवविच्छेदनाचा अहवाल आला. रक्तात दारू, फ्लोरिडात चालकाला असलेल्या मर्यादेच्या दुपटीच्या जवळपास. कोकेनही. मार्च 2017 मध्ये राज्याच्या तपासाचा निष्कर्ष आला: बोट तोच चालवत होता, वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर, काळोखात.

आणि इथे लोकांची दोन टोकं झाली. एक म्हणतात, मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये, अहवाल कशाला काढता. दुसरे म्हणतात, बेवड्यासाठी कसली फुलं वाहता. पहिल्यांनाच ते समुद्राचं वाक्य सोयीचं पडतं. आपल्याकडे 'काळ आला होता' म्हणतात ना, तसंच. एकदा काळाच्या किंवा समुद्राच्या नावावर लिहून टाकलं की पुढचे प्रश्न बंद. समुद्रानं काय केलं हो? दगड तिथे कित्येक वर्षं होते. दारू, वेग आणि अंधार ही माणसानं एकत्र आणलेली सामग्री.

या वाक्यात त्या दोन मित्रांना जागाच नाही. एक 25 चा, एक 27 चा. ते काही क्यूबातून पोहत आलेले हिरो नव्हते, त्यांचा नंबर कुणी पाठीवर लावला नाही. त्यांच्या घरच्यांना होसेच्या इस्टेटीवर दावा लावावा लागला तेव्हा काही चाहत्यांनी त्यांनाच पैशाला हपापलेले म्हटलं. ते वाचून मला लाज वाटली होती. आपला हिरो स्वच्छ राहावा म्हणून दुसऱ्याच्या मेलेल्या पोराला अडगळीत टाकायचं?

पण म्हणून ऑफिसातल्या त्या क्यूबन बाईंचे अश्रू खोटे ठरत नाहीत. आईसाठी उडी मारणारा तोच होता आणि बोटीच्या सुकाणूवरही तोच होता. अहवाल पहिली गोष्ट पुसत नाही. 2019 मध्ये लॉस एंजेलिसच्या एंजल्स क्लबचा पिचर टायलर स्कॅग्स गेला तेव्हाही असंच झालं. सगळ्यांच्या पाठीवर त्याचा 45, त्याच मॅचमध्ये प्रतिस्पर्ध्याला एकही हिट न देता विजय, सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी, आणि काही आठवड्यांनी शरीरात फेंटानिल हे जहाल अमली औषध सापडल्याचा अहवाल. तिथे निदान गोळ्या पुरवणाऱ्या क्लबच्याच कर्मचाऱ्याला 22 वर्षांची शिक्षा झाली, कारण लोकांनी नियतीवर विषय सोडला नाही.

तर ज्यांना यंदाही 16 नंबरचा फोटो टाकायचाय त्यांनी खुशाल टाका, मीही टाकणार आहे. खाली कुणी तो अहवाल चिकटवला तर डिलीट करू नका. आणि अहवाल चिकटवणाऱ्यांनो, 'बेवडा होता' एवढंच लिहून पळू नका, त्या दोघांबद्दलही एक ओळ लिहा. बहुतेकदा तुम्हालाही त्यांचं काही पडलेलं नसतं.